तुमच्या वडाला मोकळं केलं त्याची हकिकत

तीर्थस्वरूप दादांना धाकट्या बहिणीच्या यजमानांचा (म्हणजे माझाच) वाकून नमस्कार.

ऑपरेशननंतर गुडघा कसा आहे? लेकीकडे आहात तर तिथेच सावकाश चाला, परतायची घाई नको. इकडे सर्व क्षेम. तुमचा कुंडीतला वडही... पण ते क्रमाने सांगतो.

तुम्ही तो सोपवून गेल्यापासून रोज पाणी घालताना मला शाळेतल्या कविता आठवू लागल्या. (कवितेत आभाळ किंवा रानवारा आला की गुरुजी खिडकीबाहेर बघत. आम्हीही बघायचो. बाहेर सायकली लावलेल्या असत.) आणि इथे हा तीस वर्षांचा वड, उंची वीतभर, फांद्यांना तांब्याची तार! मंगळवारी राहवलं नाही. पकडीने तार सोडवली (एक फांदी मोडली, ती बहुधा नकोच असावी) आणि वड मागच्या अंगणात मोकळ्या जमिनीत लावला. दोन शब्दही बोललो. तुमची बहीण दारातून म्हणाली, "दादानं तीस वर्षं जगवलंय ते. भाषण आवरा, नाहीतर ऐकता ऐकताच वाळेल."

शनिवारपर्यंत पानं पिवळी पडून गळू लागली. मग मी उन्हासाठी छत्री बांधली, मांजरासाठी विटा रचल्या, वाऱ्यासाठी फळी उभी केली आणि शेजारी खुर्ची टाकून बसलो. "मोकळं केलंत ना? मग आता पहारा कसला?" हिनं विचारलं. मी छत्री जरा सरळ केली. पण बसल्या बसल्या एक गोष्ट ध्यानात आली, दादा. रानात तरी झाड कुठे मनासारखं वाढतं? वारा वाकवतो, शेळी कुरतडते, खडक मुळं आवळतो. तुम्ही या तिघांचं काम एकट्याने करता, आणि वर रोज विचारपूस करता. शेळी ती करत नाही.

तर वड पुन्हा कुंडीत आहे. पानं तूर्त सात.

आपला,
लज्जित मेहुणा

ता. क. : सात काल होती. डॉक्टर आणखी महिनाभर थांबा म्हणत असतील तर त्यांचं ऐका. म्हणत नसतील तर विचारून पाहा.

आणखी एक : पाकीट चिकटवतानाच खोडावर दोन हिरवे कोंब दिसले! ही रडली (मी नाही, मला सर्दी आहे). मात्र एक कोंब दुसऱ्याच्या आड येतो, तोल बिघडतो. छाटू का? उलट टपाली कळवा, तुमच्या परवानगीशिवाय हात लावणार नाही.

शेवटचं : छाटला. डावीकडून फारच देखणा दिसतो. आलात की डावीकडूनच बघा.