हक्कसोड न केलेल्या खाचराची व्यवस्था

मी, रतन गेनबा खुटवड, वय ६९, निवृत्त जिल्हा न्यायाधीश, राहणार नसरापूर, तालुका भोर, जिल्हा पुणे, आज स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, गोड बोलून भुलवलेलेही नाही. गोड बोलायला माझ्याकडे कोणी येतच नाही. मी लग्न केले नाही, मला मूल नाही. काही न लिहिता गेले तर कायद्याने माझे सगळे धाकटा भाऊ दत्तात्रय आणि थोरली बहीण धोंडाबाई यांच्याकडे जाईल, आणि धोंडाबाईचा अंगठा घेऊन तिच्या वाटचे पुन्हा दत्ताकडेच. म्हणून हा खटाटोप.

१. नसरापूरचे दोन खोल्यांचे घर आणि बँकेतली शिल्लक धोंडाबाईला. ती वेल्ह्याला दिलेली आहे, नवरा वारला आहे. आमचे वडील गेले तेव्हा तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी दत्ताने आम्हा दोघींना भोरच्या कचेरीत नेले. हक्कसोडपत्र तयार होते. वडिलांच्या जमिनीतला हिस्सा बहिणींनी भावाला सोडायचा, बदल्यात साडीचोळी घ्यायची आणि माहेर टिकवायचे, अशी आमच्याकडे रीत आहे. धोंडाबाईने अंगठा दिला. साडी मिळाली. पुढे तिचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, तेव्हा दत्ताच्या घरून कोणी फिरकले नाही. दिवाळीलाही तिला कोणी आणायला गेले नाही.

२. कायद्याची पुस्तके रद्दीत घालावीत. निम्मे कायदे बदललेच आहेत. काळा गाऊन कोणाला देऊ नये, माझ्याबरोबर जाळावा. तो घालून मी शहादा, गडचिरोली, मंगरूळपीर, कणकवली अशी फिरले. दर तीन वर्षांनी बदली, नवी बोली, नवे पाणी. दावा मात्र सगळीकडे तोच. बहीण हिस्सा मागायची, आणि भाऊ म्हणायचा, तिने राजीखुशीने सोडलाय. तडजोड नोंदवताना मी बहिणीला विचारायचे, "राजीखुशीने?" ती आधी भावाकडे बघायची. मग मी भावाला बाहेर पाठवून पुन्हा विचारायचे. पुष्कळदा उत्तर बदलायचे. एका वरिष्ठांनी यावरून माझ्या गोपनीय अहवालात 'भावनाप्रधान' असा शेरा मारला आणि माझी बढती लांबली. ते आता हयात नाहीत. मी त्यांना माफ केलेले नाही, एवढे इथे नोंदवून ठेवते.

३. भाटघरजवळच्या वडिलोपार्जित भातखाचरातला माझा हिस्सा. त्या दिवशी हक्कसोडपत्रावर मी सही केली नाही. दत्ता भर कचेरीत म्हणाला, "आक्का, तुमी जज. तुमाला काय कमी हाय? सही करा, म्हंजी माहेर ऱ्हाईल."

मी विचारले, "आन् न्हाई केली तर?"

"मंग तुमी तुमच्या वाटंनं, आमी आमच्या."

जन्मभर दुसऱ्यांच्या बहिणींना हिस्से दिले, मग माझाच कसा सोडू? माझे नाव सातबाऱ्यावर राहिले. त्या वर्षी भाऊबीजेला रजा काढून कणकवलीहून रात्रभर एसटीने आले, तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "समदी सकाळीच पुण्याला गेली की. तुमाला सांगितलं न्हाई व्हय?" ओवाळणीचे ताट पिशवीत तसेच घेऊन मी परत फिरले. स्टँडवर बसून रडले, हेही लिहिते. मृत्युपत्रात खोटे लिहू नये. त्यानंतर त्या घरी मी गेले नाही, आणि मला कोणी बोलावलेही नाही.

तो हिस्सा मी दत्ताची मुलगी वैष्णवी हिला देत आहे. ती लग्न होऊन सारोळ्याला गेली आहे. तिचा भाऊ सार्थक याचा त्यावर काही हक्क नाही. उद्या वैष्णवीपुढेही तसाच कागद येईल. जमीन भावाला सोडू नये अशी अट घालणार होते, पण अशी अट टिकत नाही. मीच अशा अटी रद्दबातल ठरवल्या आहेत. तेव्हा विनाअट देते. पोरी, सोडायचीच असेल तर निदान मी गेल्याला वर्ष तरी होऊ दे.

४. अंत्यविधी नसरापुरातच करावा. गावी नेऊ नये.

साक्षीदार म्हणून मी दत्ताला मुद्दाम बोलावले आहे. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही, माझी सही होताना पाहिली की पुरे. उद्या वाद झालाच, तर माझे डोके ठिकाणावर होते हे सांगायला कोर्टात त्यालाच उभे राहावे लागेल. म्हातारी भ्रमिष्ट झाली होती, असे निदान त्याला तरी म्हणता येणार नाही. एवढ्या नोकरीतून ही एक युक्ती स्वतःसाठी वापरते आहे.

तो आता समोर बसला आहे. जमीन सार्थकला चालली असे त्याला वाटते आहे. मी तसे म्हटलेले नाही. कागद वाचायला पुढे केला, तर म्हणाला, "मला कशाला दावता? तुमी लिवलंय म्हंजी बराबरच आसंल." मग म्हणाला, "आक्का, आता चार दिस घरी चला. माहेरच हाय तुमचं."

हे ऐकण्यासाठी मी किती वर्षे झुरले, ते माझे मला माहीत. ऐकले आणि कलम तीन खोडायला पेन उचलले. दुसऱ्या साक्षीदार डॉक्टरीणबाई शेजारी बसून माझ्याकडे बघत होत्या. मी दत्ताला दाराबाहेर पाठवले नाही. कलमही खोडले नाही. त्याच्या देखत सही करत आहे.

ठिकाण : नसरापूर
दिनांक : १७ फेब्रुवारी २०२५

सही : रतन गेनबा खुटवड

साक्षीदार
१. डॉ. सुप्रिया कोंडे, वैद्यकीय व्यवसाय, नसरापूर
२. दत्तात्रय गेनबा खुटवड, शेती, भाटघर. मृत्युपत्र करणारीशी नाते : सख्खा भाऊ