खासदारबाई बसने आल्या

ती. भिकाजीमामांना दुबईहून नागेशचा वाकून नमस्कार (साष्टांग नाही, वेल्डिंग करून कंबर धरली आहे, उरलेला सुट्टीत येऊन घालीन). तुमची तब्येत कशी आहे? मामींच्या गुडघ्याला उतार पडला का? आम्ही इथे मजेत, गर्मी सोडली तर.

मामा, तुमचा भाचा आता राजकारणातला जाणकार झाला आहे. आमची कंपनी मूळची जर्मन. कामगारांच्या खोल्या बघायला तिकडच्या डाव्या पक्षाच्या एक खासदारबाई, गेर्लिंडे नावाच्या, येणार असं एचआरच्या इशितामॅडमनी जाहीर केलं. सत्काराचं काम माझ्याकडे आलं, कारण तुमच्या प्रचारसभांच्या सतरंज्या मीच अंथरत आलो आहे. बर दुबईच्या बाजारातून शाल, नारळ आणि हार आणले. खुर्चीवर पांढरा टॉवेल टाकला. वेळ दहाची होती, पण खासदार दहा म्हणजे बाराला येतो हे तुमच्या भाच्याला कोणी शिकवायला नको. आम्ही सावकाश अंघोळी उरकल्या. साडेअकराला गेटवर मोठी काळी गाडी थांबली. आमच्या कामगार वसाहतीचा कॅम्प बॉस 'यल्ला यल्ला' (म्हणजे चला चला) ओरडला, आम्ही धावलो. बाईंच्या जागी बाप्या उतरला, तेव्हा पीए असेल म्हणून त्याला हार घातला, शाल पांघरली, नारळ दिला. तो वॉटर कूलर विकणारा सेल्समन निघाला. (भारावून गेला बिचारा. दोन शब्दही बोलला.)

बाई दहालाच आल्या होत्या. बसने, एकट्या. वॉचमनने कोणाच्या तरी ओळखीच्या समजून मेसमध्ये पाठवलं, तर तिथे आमच्या रत्नागिरीच्या हनीफ आचाऱ्याबरोबर कांदे सोलत बसल्या होत्या. मग इशितामॅडम येऊन भाषांतर करू लागल्या, म्हणून आम्हाला सगळी हकिगत कळली. वडील ट्राम चालवायचे. बाई गाद्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर होत्या, तिथून युनियन, तिथून पार्लमेंट. पक्ष फुटला, अर्धे लोक गेले, बाई जागच्या हलल्या नाहीत. (इथे तुम्हाला आपले कोण कोण आठवतील ते मी लिहीत नाही.) सगळा जन्म विरोधी बाकावर काढला. इतक्या वर्षांत त्यांचं एकच म्हणणं मंजूर झालं: पॅकिंगच्या लाइनीवर दिवसभर उभ्या असणाऱ्या बायकांना बसायला स्टूल. ते सांगताना असा चेहरा फुलला, की मंत्रिपदाने कोणाचा फुलणार नाही. दोनदा पडल्या. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घेऊन मशीनवर हजर. मग पुन्हा निवडून आल्या.

टॉवेलच्या खुर्चीवर बाई बसल्याच नाहीत, हनीफला बसवलं. तो म्हणाला, "अरे भाई, इतने साल में इधर पहली बार किसी ने बैठो बोला." त्याचे डोळे भरून आले, आमचेही (कांद्यांची सोय होतीच). आता मेसमध्ये चपात्या लाटायला उंच स्टूल आलं आहे. मला त्या बाईंचा फार अभिमान वाटला, मामा.

मोठ्यांना नमस्कार, पोरांना पापा.

तुमचा,
नागेश

ता. क. मामींचा फोन आला होता. निकाल लागल्यापासून तुम्ही ओटीवरसुद्धा येत नाही, गिरणी बंद आहे, लोक दळणं घेऊन खालच्या वाडीत जातात. हे तुम्हाला लिहू नको असं त्यांनी बजावलंय, म्हणून पत्रात कुठेही लिहिलेलं नाही.

आणखी एक. निघताना मी बाईंना सांगितलं, माझे मामाही या खेपेला पडले. त्यांनी एवढंच विचारलं, दुसऱ्या दिवशी कामावर गेले ना? मी म्हणालो, येस मॅडम. मामा, अशा बाईला थाप मारलेली पचत नाही. पत्र मिळाल्याबरोबर गिरणी सुरू करा, म्हणजे उशिरा का होईना, मी खरं बोललो असं होईल.