दोन्ही उजव्याच

रविवार, संध्याकाळ

घरी बनवतोय त्या गिटारची दुसरी बाजू आज वाकवली. बंबाच्या तापलेल्या नळीवर ओली पट्टी दाबत गेलो, तडकेल या धास्तीनं श्वास रोखून. तडकली नाही. पहिलीच्या शेजारी ठेवली. दोन्ही उजव्याच. पट्टी एका टोकाला निमुळती कापलेली, त्यामुळे उलटी लावताही येत नाही. सागाची ही शेवटची फळी, सासऱ्यांनी एकोडीहून स्वतः आणून दिलेली.

बाह्या कापताना कापड समोरासमोर ठेवा, म्हणजे एक उजवी, एक डावी निघते, हे दुकानात मीच कारागिरांना सांगतो. इतकी वर्षं शिंपीकाम करून माझ्याच हातून दोन्ही उजव्या?

सुमनला सांगावंच लागलं. फळी तिच्या वडिलांची. ती चहा गाळत होती.

"लग्नातला माझा ब्लाउज तुम्हीच शिवला होता ना," म्हणाली. "त्याच्याही बाह्या दोन्ही उजव्याच होत्या."

"मग मले सांगितलं काहून नाही?"

"कायले सांगू? घातला, झालं."

हार घालताना तिचा डावा हात वर जात नव्हता. मला वाटलं होतं, लाजते आहे.