हरिहरच्या खुर्च्या

घोडबंदर रोड, ठाणे
८ जून २०२५

ती. आत्यास,
संचिताचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू सगळ्याला बरं बरं म्हणतेस आणि मग मंडपवाल्या हरिहरला विचारतेस की पोरगी काय म्हणत होती. कानाचं मशीन येईपर्यंत आपलं पत्रच बरं. दिपेश हसतो. म्हणतो, बाविसाव्या मजल्यावरून उतरून पोस्टाची पेटी शोधत फिरणारी बायको सगळ्या घोडबंदर रोडवर त्याचीच असेल.

आता कामाचं. आमच्या संस्थेने दोन वस्त्यांची पाहणी काढली आहे. एक आपली कळव्याच्या टेकडीवरची, माण तालुक्यातून आलेल्यांची. दुसरी डोंबिवलीची, राजापूरकडून आलेल्यांची. दोघेही पन्नासेक वर्षांपूर्वी पोटासाठी आले. आपले लोक माथाडीत गेले, ते गिरण्यांत, आणि गिरण्या बंद झाल्यावर मिळेल त्या कामात. आज कोण कुठे पोचलं, घरात काय आहे, मुलं किती शिकली, अडीअडचणीला कोण धावतं, असे प्रश्न घरोघर विचारायचे. डोंबिवलीला दुसरी मुलं जाणार आहेत. कळवा मी मागून घेतलं. बाबा त्याच चाळीतून पाठीला पोत्याचे वळ घेऊन कामावर जात होते, तिथले प्रश्न परक्याने का विचारावेत?

पाहणी कशासाठी ते मला विचारू नकोस. आमच्या प्रमोदिनीबाईंची सक्त ताकीद आहे, सांगितलं की लोक उत्तरं बदलतात. माझ्यासोबत नीरजा नावाची मैत्रीण असेल. ठाण्यातच वाढलेली, स्वभावाने चांगली आहे. कुणाला तयारीला लावू नकोस, आहे तसं असू दे. गुडघ्याला तेल लावतेस ना?

तुझी माया आहे तशीच राहो, एवढंच मागणं.
तुझी,
संचिता

---

कळवा
२४ जून २०२५

चि. सौ. संचितास,
आत्याचे पोटभर आशीर्वाद.

तुम्ही येऊन गेलात त्याला आठवडा झाला, पण वस्तीत अजून तेच चाललंय. लेक आली, हातात पॅड, गळ्यात ओळखपत्र, आणि बोलणं असं की वकिलीण वाटावी. दौलतदादा असता तर त्या दिवशी त्याने कामाला दांडी मारली असती. तुझ्या आईमागं तुला वाढवताना मला वाटायचं, ही एवढीशी पोर काय करणार. केलंस गं बाई.

तुझी ती नीरजा गोड आहे, पण खाणं चिमणीचं. तूही प्रत्येक घरी दोन घोट घेऊन कप खाली ठेवत होतीस, ते मी पाहिलं. एवढ्या घरी चहा प्यायचा म्हणजे पोटाचं खरं नाही, म्हणून सोडून दिलं.

आमची मात्र पळापळ झाली. तू पुढच्या दारातून बाहेर पडलीस की मागच्या बोळातून आमची फौज पुढच्या घरी. ते जाऊ दे, त्यातलं तुला काय सांगायचं. माहेरी आलेली लेक हसत गेली म्हणजे झालं. शेजारची रखमाबाई तर किती ताठ बसली होती. लहान मूल दिवसा कोण बघतं असं तू विचारलंस, तर भरलं घर आहे, बघणाऱ्यांना तोटा नाही म्हणाली. खरं तर तिची सून घोडबंदरच्या टॉवरात स्वयंपाकाला जाते, मुलगा पोपट पहाटेच बाजारात, आणि रखमाबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पण लेकीपुढं रडगाणं कोण गाणार?

राजापूरवाल्यांचं काय निघालं ते कळव. आपण त्यांच्यापेक्षा कमी भरलो नाही ना? वस्तीत सगळे विचारतात.

जावईबापूंना आशीर्वाद. आठवण येईल तेव्हा लिही, नाही आली तरी लिही.
तुझी,
आत्या

---

ठाणे
२ सप्टेंबर २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला दोन महिने लावले. काम होतं असं लिहिलं तर तू विश्वास ठेवशील, म्हणून ते लिहीत नाही.

निकाल आला. आपण कमी भरलो नाही. फरक थोडाच आहे, पण खाली गेली ती डोंबिवली. त्यांच्याकडे अडचणीला धावणारी माणसं जास्त आहेत. त्यांचं गावाचं मंडळ अजून चालतं, कुणी आजारी पडलं तर पाळीने डबे जातात. पण नोकऱ्या कच्च्या, घरं गळकी, आणि वीस घरांत लहान मुलाला शेजारी ठेवून आया कामाला जातात. त्यांनी ते सगळं सरळ सांगितलं. आपल्या वस्तीत मात्र खुर्च्या, मिक्सर, कपबशांचे सेट, मूल सांभाळायला माणसं, असं सगळं भरलेलं निघालं.

पाहणी कशासाठी होती ते आता सांगता येतं. एक पाळणाघर आणि त्याच्या वर मुलांना अभ्यासाची खोली, एवढं दोनपैकी एका वस्तीत यंदा उघडायचं होतं. ज्यांना जास्त गरज त्यांना. ते डोंबिवलीला गेलं. मागच्या सोमवारपासून सुरूही झालं.

हे मी फोनवर सांगितलं असतं आणि तू नुसतं बरं म्हणाली असतीस, तर मला सोपं गेलं असतं. ते बरं नव्हे म्हणून लिहिते आहे.

रागावलीस तरी लिही.
संचिता

---

कळवा
९ सप्टेंबर २०२५

चि. सौ. संचितास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि चूल तशीच ठेवून बसले. तुझ्यावर राग नाही. मी काय केलं ते आता तुला सांगते, मग तू रागाव.

त्या खुर्च्या हरिहरच्या होत्या, मंडपाच्या. पाठीवर त्याचं नाव रंगवलंय, म्हणून सगळीकडं भिंतीला टेकवून ठेवल्या. मिक्सर दोनच, ते फिरत होते. कप माझे. तू तयारी करू नको लिहिलं होतंस, तरी मी आदल्या दिवशी घरोघर जाऊन सांगितलं, की दौलतची लेक येतेय, सोबत ठाण्याची पाहुणी आहे, आपल्या पोरीची मान खाली जाता कामा नये. कुणी नाही म्हटलं नाही. सगळ्यांना वाटलं, माहेरपणच करायचंय. कागदावरचे प्रश्न आहेत आणि त्यांच्या उत्तरावर काही ठरणार आहे, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. लेकीनं कसं आहे विचारलं की झकास आहे म्हणायचं, एवढंच आम्हाला येतं.

आता रेणूचं सांगते. रखमाबाईची नात, सातवीतली, तू जिच्या वहीवर सही केलीस ती. जुलैत रखमाबाईला दिसलं नाही आणि धाकटा ओट्यावरून पडला. कपाळाला चार टाके. तेव्हापासून रेणू शाळेत जात नाही, भावाला घेऊन घरी बसते. सूनबाईनं काम सोडलं तर भाडं कशातून द्यायचं? पाळणाघर इथं झालं असतं तर ती पोर आज वर्गात असती. मी सहा कप आणि चार खुर्च्या नाचवल्या आणि तिच्या शाळेच्या आड आले. रोज ती समोरच्या पायरीवर बसलेली दिसते आणि मला कलाआजी म्हणून हाक मारते. मला त्या हाकेला ओ देववत नाही.

अजून एक, लपवून ठेवायचं नाही म्हणून. खुर्च्या काही त्याच दिवशी पहिल्यांदा आल्या नव्हत्या. तुझं लग्न झाल्यापासून तू दर संक्रांतीला, दर दिवाळीला येतेस, तेव्हाही त्या हरिहरच्याच असतात. तुला तुझ्या घरी जाताना माझी काळजी लागू नये, म्हणून.

माझ्यावरची माया पातळ झाली तरी तोडू नकोस.
कलावती

---

ठाणे
२१ सप्टेंबर २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न.

तू एकटीच गुन्हा कबूल करून बसू नकोस. मला माहीत होतं.

तिसऱ्या घरी कप समोर आला, निळ्या फुलांचा, कानाशी टवका उडालेला. आमच्या वास्तुशांतीला मी तुला दिलेला सेट आहे तो. टवका माझ्याच हातून पिशवीत आपटून उडाला होता. सातव्या घरी तो परत आला, अकराव्या घरी पुन्हा. म्हणून मला चहा संपवता येत नव्हता, पोटाचं कारण नव्हतं. कुठल्याशा घरी भिंतीला टेकवलेली खुर्ची थोडी सरकली आणि हरिहरच्या नावातला रि मला दिसला. मी कागदावर खुर्च्या आहेत अशी खूण केली. रखमाबाईच्या बुबुळांवरचा पांढरा पडदा दिसत होता, तरी मूल घरचे सांभाळतात असं लिहिलं.

का, ते सांगते. नीरजा शेजारी बसली होती. घर छान ठेवलंय असं ती एकदा हळूच म्हणाली आणि मला इतका आनंद झाला की त्याची आज लाज वाटते. माझं माहेर तिच्यापुढे नीटनेटकं दिसत होतं. पाहणी कशासाठी आहे हे वस्तीत कुणालाच ठाऊक नव्हतं, आत्या. मला एकटीला ठाऊक होतं. तुम्ही प्रेमापोटी केलंत, मी सगळं कळत असून स्वतःची इभ्रत जपली.

आणि दिवाळीच्या खुर्च्याही मला ठाऊक होत्या. दोन वर्षांपूर्वी भाऊबीजेला तू दिलेलं पाकीट विसरलं म्हणून मी कोपऱ्यावरून परत आले, तेव्हा हरिहर त्या डोक्यावर घेऊन चालला होता. मी तिथेच थांबले, तो वळेपर्यंत, आणि पाकीट न घेता स्टेशन गाठलं. माझी काळजी हलकी व्हावी म्हणून तू उसनं आणत होतीस. ते उसनं आहे हे कळूनही मी हलकी होत होते. तुझ्याकडे काय नाही ते दिसलं असतं तर मला काहीतरी करावं लागलं असतं.

परवा प्रमोदिनीबाईंना सगळं सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी शांतपणे कळव्याचे सगळे कागद बाजूला ठेवले आणि मला या कामातून काढलं. पुढच्या वर्षी नीरजा नव्याने येईल, मी सोबत नसेन. डोंबिवलीचं पाळणाघर तिथेच राहील. काल ते पाहून आले. चौदा मुलं चटईवर ओळीने झोपली होती. एक बाई मला सांगत होती, की तीन वर्षांत पहिल्यांदा तिने कामावर डबा निवांत बसून खाल्ला. आत शिरताना माझ्या मनात क्षणभर आलं होतं, की हे आमचं होतं. ते मी तिला सांगितलं नाही, तुला सांगते. त्यांना गरज होतीच. त्यांनी फक्त खरं सांगितलं.

रेणूच्या शाळेत जाऊन आले. हजेरी भरली नाही तर वर्ष जाईल म्हणाले. मोतीबिंदूसाठी रखमाबाईला मी सिव्हिलला घेऊन जाईन, जानेवारीची तारीख मिळाली आहे. पण डोळे बरे होईपर्यंत त्या बाळाचं काय करायचं, ते मला सुचत नाही.

क्षमा मागायचीही लाज वाटते, तरी मागते.
तुझी,
संचिता

---

कळवा
१६ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. संचितास,
आत्याचे आशीर्वाद. क्षमा वगैरे लिहीत जाऊ नकोस, मला त्याला उत्तर लिहिता येत नाही.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. दोन वर्षांपूर्वीचं ते पाकीट माझ्याकडं डब्यात आहे. तू परत येऊन गेलीस हे कळलं असतं तर त्याच दिवशी आपण दोघी मोकळ्या झालो असतो. आपलं दोघींचं नाक वर राहिलं आणि पोर पायरीवर बसली.

दिवाळीला तू आली नाहीस. का ते कळलं, म्हणून बोलले नाही. पण खरं सांगायचं तर या वेळी मी हरिहरकडं गेलेच नव्हते. खोली रिकामीच होती. तुझा फराळाचा डबा भरून फळीवर ठेवला होता, तो शेवटी वस्तीतल्या पोरांनी संपवला.

दसऱ्याला मी वस्तीतल्या सगळ्या बायकांना बोलावून खरं काय झालं ते सांगितलं. तुझं नाव घेतलं नाही, माझं घेतलं. रखमाबाई रडली, म्हणाली मीच खोटं बोलले. तिला म्हटलं, तुला बोलायला लावणारी मी. पुढच्या वर्षी नीरजाबाई आली की चहा देऊ, पण ज्याच्या घरात जे असेल त्यात देऊ, असं ठरलंय. दोघीतिघींना अजून पटत नाही, पाहुणीला पेल्यात चहा कसा द्यायचा म्हणतात. पटेल हळूहळू.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून रखमाबाईचा धाकटा माझ्याकडं असतो. त्याच्या मागोमाग आणखी दोघं आली. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच. गुडघे ओरडतात, पण कान बंद असल्यानं पोरांच्या रडण्याचा त्रास होत नाही, तेवढी माझी सोय आहे. माझ्या खोलीत खुर्ची नाही, पलंग नाही. बघायला गेलं तर पोरांना रांगायला वस्तीत एवढी मोकळी जागा दुसरी नाही. हे आधी का सुचलं नाही, असं रोज वाटतं. घर भरलेलं दाखवायच्या नादात ते रिकामं आहे हे मीच विसरले होते.

रेणू शाळेत जाते. तीन महिने बुडाले ते बुडालेच. सहामाहीत गणितात नापास झाली, आणि प्रगतिपुस्तक आधी मला आणून दाखवलं. मी तिच्या तोंडाकडं बघू शकले नाही. शनिवारी येऊन तिचं गणित घेशील तर बरं होईल. पाहणीला नको, माहेरपणालाही नको. नुसती ये.

धाकट्यानं काल फळीवरून कप ओढला, तोच टवका उडालेला. फुटला. मी तुकडे गोळा करताना हसत होते, म्हणून तोही हसला. तुझे ते कागद बाजूला ठेवलेत म्हणतेस, पण फाडले नसतील तर माझ्या घराचा काढ आणि दुरुस्त कर. कप पाच. खुर्च्या नाहीत. लहान मूल दिवसा कोण बघतं तिथं माझं नाव लिही.

शनिवारी चहा पेल्यात मिळेल, तो मात्र पुरा प्यायचा.
तुझी,
कलावतीआत्या