वाटीवर चमचा

३ नोव्हेंबर, सोमवार
सकाळी सहाच्या एसटीने सुलतानपूर सोडलं. मेहकर, खामगाव, नांदुरा अशा गाड्या बदलत साडेबाराला वडनेर भोलजीला पोचले. रुबिनाभाभी स्टँडवर न्यायला आल्या होत्या. खोली त्यांच्या घराच्या मागच्या अंगाला आहे. एक लोखंडी खाट, ओटा, गॅस आणि खिडकी. खिडकीतून कपाशी दिसते. आवडली.

त्या आणि त्यांचे मिस्टर मुजम्मिलभाई मिळून ‘काकू आन् बकरी’ हे वऱ्हाडी कार्टून काढतात. मोबाइलवर पुष्कळ लोक बघतात. काकू तिच्या बकरीला घेऊन भुतं शोधत फिरते. शेवटी घोंगडी ओढली की भूत म्हणजे गावातलाच कोणी लबाड निघतो. ते चित्रं काढतात, भाभी लिहितात. बकरीच्या खुरांचा आवाज खोटा वाटतो, असा मेसेज मी मे महिन्यात त्यांना पाठवला होता. त्यावरून त्यांनी कामाला बोलावलं. चित्राला आवाज द्यायचे. तोंडाने नाही, वस्तूंनी. मला बोलावं लागणार नाही, हे बरं आहे.

आई गेल्यावर घरात बसवत नव्हतं. दादाने, इंद्रभानने, स्वतः बॅग भरून दिली.

५ नोव्हेंबर, बुधवार
बकरीचे खूर नारळाच्या करवंट्यांनी केले. मुजम्मिलभाई म्हणाले, आता कशी खरी बकरी चालून राह्यली. भाभी म्हणाल्या, तुमच्यापेक्षा बकरी जास्त काम करते. दोघं दिवसभर असेच एकमेकांना टोचत असतात.

नवा भाग पिठाच्या गिरणीतला आहे. सांडलेल्या पिठात रोज पावलं उमटतात, म्हणून लोक दळण आणत नाहीत. काकू पीठ पसरून त्यावर टोपलं झाकते, आणि बकरी ते पीठच खाऊन टाकते. भाभींनी विचारलं, तुमच्यात मयतानंतर असं करतात ना. मी हो म्हटलं. आमच्याकडे जीव गेला त्या जागी दहाव्याला पीठ पसरून टोपलं झाकतात. सकाळी उचलून बघतात. जो ठसा उमटेल त्या जन्माला माणूस गेलं, असं मानतात.

पुढचं मी सांगितलं नाही.

शेवटी घोंगडीखाली कोण निघणार, ते अजून ठरलेलं नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार
भुताची पावलं काल केली. परातीत पीठ घ्यायचं आणि मूठ दाबायची. एक, दोन, एक, दोन. आज रेकॉर्डिंग ऐकलं तर एक पाऊल दाबलेलं आणि दुसरं ओढलेलं येतं. दाब, सरक. दाब, सरक.

मी काहीच ओढलं नव्हतं.

मुजम्मिलभाई खूश झाले. ताई, हे लंगडं भूत लई भारी हाय, काऊन आधी सांगितलं नाही, म्हणाले. संध्याकाळपर्यंत त्यांनी भुताची चाल बदलली. घोंगडी पांघरलेलं ते बुटकं भूत आता डावा पाय ओढत चालतं. भाभींना हसून हसून ठसका लागला.

लकव्यानंतर चार वर्षं आईचा डावा पाय असाच ओढत होता. हे मी इथे कोणालाच सांगितलेलं नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार
पावलांच्या मागे आणखी एक आवाज आहे. वाटीवर चमचा. तीन वेळा, थांबून पुन्हा तीन वेळा. भाभींनी विचारलं, हे कधी केलं. माहीत नाही म्हटलं. आवाज भरतो त्या खोलीत वाटी नाहीच. दार बंद असतं.

त्यांनी लगेच विनोद लिहिला. भुताला चहा पाहिजे. घाबरलेली काकू ओरडते, थांब ना बे, उकळू तर दे. सगळे हसले. मे महिन्यानंतर पहिल्यांदा मीही हसले.

लकव्याने आईचं बोलणं गेलं होतं. खाटेवरून ती वाटीवर चमचा वाजवून मला बोलवायची. तीनदा.

लिहून टाकते. टोपल्याखाली काय होतं ते मी पाहिलंच नाही. सगळे उठायच्या आत टोपलं न बघता बाजूला केलं आणि पीठ झाडून घेतलं. दादाला सांगितलं, गायीचा खूर होता. त्याने हात जोडले. आत्या रडल्या, म्हणाल्या, सुटली माय. सगळ्यांचं समाधान झालं. ती सुटली की नाही, ते मात्र कोणालाच माहीत नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
मुजम्मिलभाईंनी घोंगडीखाली गिरणीवाला काढून पाहिला, सरपंच काढला, मास्तर काढला. कोणी शोभत नाही. त्या चालीला चेहरा जमत नाही, म्हणतात. जागा कोरी ठेवली आहे. मला विचारलं, तुम्हाले कोण वाटते.

मी म्हटलं, ही पावलं काढून टाका. ते म्हणाले, आता कसं काढता ताई, साऱ्या भागाची गंमत तेच हाय.

भाभींनी जेवायला दोनदा बोलावलं. गेले नाही.

खोलीतही ऐकू येतं. खाटेच्या बाजूने. दुपारीच.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
ते दोघं रोहिणखेडला भाभींच्या माहेरी गेले. मलाही चल म्हणत होते. नको म्हटलं.

बारा वाजता खाटेजवळ पीठ चाळून पसरलं. वर टोपलं झाकलं. तेव्हा बघितलं नाही, आता बघायचं.

मोबाइलमध्ये तो मेसेज शोधला. बकरीच्या खुरांचा. १९ मे, दुपारी दोन दहा. आई चहासाठी वाटी वाजवत होती. कानात इयरफोन घालून मी त्यांचं कार्टून बघत होते, हसत होते. वाटी ऐकू आली होती. एक मिनिट, म्हटलं. मेसेज पुरा लिहिला. मग भाग पुरा बघितला. मग उठले, तोवर आई गेली होती.

दोन वाजता
टोपलं उचललं. खूर नाही.

पाऊल आहे. डावं. ओढलेलं. बोटं माझ्याकडे—

दोन दहा
वाजते आहे.

दादाला फोन केला. खरं सांगितलं, सगळं. त्याने हळूच विचारलं, तुझ्याजवळ कोण आहे. म्हटलं, कोणी नाही. तो म्हणाला, मग वाटी कोण वाजवून राह्यलं—

फोन ठेवला.

तीनदा. थांबून तीनदा. मागे बघितलेलं नाही. खाट करकरली.

येते, म्हटलं. मोठ्याने. आले, आई.

गॅस पेटवला आहे. वही ओट्यावरच. तिला साखर बंद होती, तरी चहात दोन चमचे घातली. वाटी थांबली. आता ओढल्याचा आवाज, पिठावरून, मग फरशीवरून—

उकळी आली. दूध घालते, आणि कप घेऊन मागे वळ