तीन वेळचा आवाज

४ फेब्रुवारी

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी बरा आहे, पत्र पाहून दचकू नकोस. फोनवर आपले बोलणे कसे आहात, बरा आहे, तू कशी, बरी आहे, एवढ्यावर संपते आणि मग आपण दोघे एकमेकांचा श्वास ऐकत बसतो. आज जे विचारायचे आहे ते नीट क्रमाने सांगावे लागेल, म्हणून लिहितो.

आईच्या कॉम्प्युटरमधून आवाज येतो. जेवणाच्या खोलीत खिडकीखाली ठेवलेला, ज्यावर ती वाचनालयाच्या पुस्तकांची यादी करत असे, तोच. त्याच्या दोन छोट्या स्पीकरमधून आधी एक मोठा टक्क येतो, बोट मोडल्यासारखा. दहा-बारा सेकंदांनी एक बारीक टप. मग काही नाही. त्या वेळी कॉम्प्युटरला कोणी हात लावलेला नसतो. स्क्रीन काळीच असते.

पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटले काच तडकली. उठून खिडकीची चारही तावदाने पाहिली. दुसऱ्या वेळी पालीवर संशय घेतला. तिसऱ्या वेळी मी समोरच उभा होतो, त्यामुळे शंका उरली नाही. खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई म्हणाल्या की जुन्या वस्तू कुरकुरतातच, तुम्ही लक्ष देऊ नका. आई जाऊन चार महिने होत आले, आणि तेव्हापासून सगळे मला लक्ष देऊ नका असेच सांगत आहेत. मला ते जमत नाही. कारखान्यात मोजमापाच्या खोलीत पस्तीस वर्षे केसाएवढा फरक शोधण्याचा पगार घेतला. घरात कारण नसलेला आवाज मला सहन होत नाही.

दिवसभर लोकांच्या कॉम्प्युटरच्या तक्रारी सोडवणे हे तुझे कामच आहे. मी रांगेत उभा आहे असे समज आणि माझा नंबर आला की उत्तर दे.

जेवणाच्या वेळा पाळ. माझ्यावर लोभ आहे तो तसाच असू दे.

बाबा


१० फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमची तक्रार मिळाली. आमच्या ऑफिसातले लोक ‘चालत नाही, लगेच या’ एवढेच लिहितात. काय चालत नाही आणि कुठे यायचे, ते आम्ही ओळखायचे. तुमचे पत्र मी शेजारच्या टेबलावरच्या बाईंना वाचून दाखवले, तर त्या म्हणाल्या की तुझ्या वडिलांना आमच्या लोकांची शिकवणी घ्यायला बोलाव.

आता उपाय. सगळ्यात आधी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करा. दहातल्या सात तक्रारी तिथेच मिटतात आणि आम्ही फुकट हुशार ठरतो. तेवढ्याने नाही भागले तर स्पीकरची पिन काढून घट्ट बसवा. तुमचा मोबाईल स्पीकरजवळ ठेवू नका, त्यानेही असे आवाज येतात. वीज गेल्यावर चालणारा तो बॅटरीचा डबा आहे ना, त्याची वायर वेगळ्या सॉकेटमध्ये लावून पाहा. आणि आवाज आला की वेळ लिहून ठेवा. तुम्ही ती न सांगताही लिहिली असतीच म्हणा.

एकटे आहात म्हणून भाजी एकदाच करून तीन दिवस खाऊ नका. पुढच्या महिन्यात सुट्टीचे बघते.

तुमची आठवण रोज येते. माया असावी.

खारू


१७ फेब्रुवारी

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू सांगितलेला पहिला उपाय मी केलेला नाही आणि करणार नाही. कॉम्प्युटर बंद केला तर चालू होताना तो पासवर्ड मागेल. तो आईलाच माहीत होता. आदल्या संध्याकाळी ती त्याच्यासमोरून उठली आणि पहाटे गेली. तेव्हापासून तो चालूच आहे. बॅटरीचा डबा मी दर आठवड्याला पाहतो. तिच्या याद्या आत आहेत, तुझे लहानपणचे फोटो आहेत, आणखी काय आहे ते मला माहीत नाही. माहीत नाही म्हणूनच बंद करत नाही.

बाकीचे उपाय एका दिवशी एकच, असे केले. सगळे एकदम बदलले तर गुण कशाने आला ते कळत नाही. पिन घट्ट केली, फरक नाही. सॉकेट बदलले, फरक नाही. मोबाईल लांब ठेवायचा म्हणून फ्रिजवर ठेवला आणि मग तासभर घरभर शोधला. शेवटी मास्तरीणबाईंनी खालून रिंग दिली तेव्हा फ्रिज वाजला. त्या अजून हसत आहेत. आवाजात मात्र फरक नाही.

वेळा लिहिल्या आहेत. सकाळी सात, दुपारी दोन, संध्याकाळी आठ. एकही दिवस चुकला नाही, एक मिनिट इकडचे तिकडे नाही. आधी तो माझ्या कानावर का आला नाही, याचा विचार केला. सातला स्वयंपाकघरात भांडी वाजत असत, दोनला मी झोपलेला असे आणि आठला मी बातम्या मोठ्याने लावत असे. आता तिन्ही नाही.

वायर सैल असती तर तिला घड्याळ कळले नसते. आत काहीतरी ठरवून चालले आहे. काय ते तू ओळखशील.

सुट्टी मिळाली की आधी कळव, गादी उन्हात घालीन. लोभ असू दे.

बाबा


२३ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

स्पीकरची पिन काढून टाका म्हणजे आवाज येणार नाही. आईला ते स्पीकर लागत असत, तुम्हाला त्यांचा काही उपयोग नाही. कॉम्प्युटर बिघडलेला नाही. सगळ्याचे कारण शोधलेच पाहिजे असे नाही, बाबा. दुरुस्तीवाल्याला बोलावू नका, ते लोक उगाच काहीतरी उचकटून ठेवतात.

इकडे काम फार आहे. पुढच्या महिन्यात येणे जमणार नाही. तब्येतीला जपा.

खारू


४ मार्च

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र चार वेळा वाचले. पिन काढली तर आवाज मला ऐकू येणार नाही, पण आत जे चालले आहे ते चालूच राहील. आमच्या खात्यात याला दुरुस्ती म्हणत नसत. तू नको म्हणालीस तरी मी दुरुस्तीवाल्याला बोलावले, ते आधी सांगून टाकतो.

चष्मा कपाळावर चढवलेला, जाडजूड माणूस आहे. आल्या आल्या त्याचा हात बटणाकडे गेला आणि मी त्याचे मनगट धरले. तो म्हणाला, काका, हात सोडा, मी चोर नाही. पासवर्डचे सांगितल्यावर मात्र त्याने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि माझ्या वेळा वाचल्या. मग म्हणाला की दोनला पंधरा मिनिटे आहेत, थांबतो, तोवर चहा पाजा.

त्याने समजावले ते असे. वीज वाचावी म्हणून आवाजाचा भाग काम नसले की झोपतो. काही वाजवायची वेळ आली की त्याला जाग येते आणि जागा होताना तो टक्क करतो. बारीक टप हा पुन्हा झोपतानाचा. म्हणजे रोज तीनदा आतून काहीतरी वाजवले जात होते, आणि त्या टक्कशिवाय आपल्याला काही ऐकू येत नव्हते. त्याने माउस हलवून स्क्रीन जागी केली. बरोबर दोनला टक्क झाले आणि कोपऱ्यात एक चिठ्ठी आली. तिच्यावर लिहिले होते, ‘दुपारची गोळी.’

आईच्या हृदयाच्या गोळ्यांची आठवण. तिच्या घंटेचा आवाज शून्यावर ठेवलेला होता. हे आपोआप होते का, असे मी विचारले. तो म्हणाला, नाही, कोणीतरी मुद्दाम केल्याशिवाय होत नाही. मग चहाचा कप स्वतः विसळून ठेवून तो गेला.

माझा हात त्या माउसला कधी लागलेला नाही. आईला इतके आत शिरता येत नसे. आठवणी तू लावून दिल्या होत्यास हे मला पक्के आठवते, कारण पहिल्याच दुपारी त्या घंटेने मी अंथरुणातून उडालो होतो. पुढे ती ऐकू येईनाशी झाली तेव्हा आईला सवय झाली म्हणून काढून टाकली असेल, असे मी समजलो. आई गेली त्या दिवशी डॉक्टरांनी मला विचारले होते की गोळ्या नियमित चालू होत्या का. मी हो म्हणालो. ते हो खरे होते की नाही, ते आता मला माहीत नाही.

तुला काही माहीत असेल तर लिही. नसेल तर तसे लिही. रागावून विचारत नाही. नोंद अपुरी आहे आणि मला दुसरे काही सुचेनासे झाले आहे.

उत्तराची वाट पाहतो. लोभ कमी करू नकोस.

बाबा


१० मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

घंटा मी बंद केली. माउस आईच्या हातात होता, पण कुठे दाबायचे ते मी सांगितले.

गेल्या वर्षी मार्चमध्ये तिचा फोन आला. ती कुजबुजत बोलत होती. म्हणाली की दुपारच्या घंटेने तुझे बाबा रोज उठून बसतात, मग रात्रीपर्यंत त्यांचे डोके दुखते, बोलत नाहीत पण मला दिसते. तेवढी बंद करून दे. मी जेवणाच्या सुट्टीत होते, हातात ताट, मागे रांग. फक्त दुपारची घंटा बंद करायला दहा मिनिटे लागली असती. सगळ्या घंटांचा आवाज एकदम शून्य करायला एक मिनिट लागले. मी तिला ते एक मिनिटाचे सांगितले. आई म्हणाली, मला घड्याळ कळते गं, तू नको काळजी करू, आणि यांना सांगू नको. घरी आले की नीट करू, असे मी ठरवले होते. त्यानंतर दोनदा घरी आले. दोन्ही वेळा विसरले. दुसऱ्यांच्या कॉम्प्युटरवर हे असले काम मी झोपेतही करीन, बाबा.

डॉक्टर तुम्हाला गोळ्यांचे विचारत होते तेव्हा मी नुकतीच पोचून दारात उभी होते. तुम्ही हो म्हणालात आणि मला सगळे आठवले. चौथ्या दिवशी मी परत गेले ती सुट्टी संपली म्हणून नाही. त्या घरात तुमच्यासमोर बसून जेवणे मला जमेना. तुमच्या पहिल्या पत्रातला आवाज तो हाच, हे माझ्या लक्षात आले नाही. मीच तुम्हाला वेळा लिहून ठेवायला सांगितल्या. सात, दोन, आठ हे वाचले आणि पत्र हातातून खाली ठेवले.

पुढच्या पत्राचा मायना तुम्हाला वाटेल तो घाला. पत्र आले नाही तरी मी समजून घेईन.

खारू


१६ मार्च

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

मायना बदललेला नाही.

तुझे पत्र आले त्या दिवशी आमच्या खोलीतले लोखंडी कपाट उघडले. ती गेल्यापासून उघडले नव्हते. वरच्या खणात गोळ्यांचा डबा आहे. औषधे कपाटातच असावीत, इकडे तिकडे पडू नयेत, हा माझाच नियम. वीस सप्टेंबरला मी तिन्ही वेळच्या तीस-तीस गोळ्या आणल्या होत्या आणि दुसऱ्या दिवसापासून त्या सुरू झाल्या. ती गेली तोवर पंचवीस दिवस झाले. प्रत्येकी पाच उरायला हव्यात. सकाळच्या पाच आहेत. संध्याकाळच्या पाच आहेत. दुपारच्या सोळा आहेत. दोनदा मोजल्या.

घंटा तिन्ही वेळची मुकी होती, पण सकाळ-संध्याकाळ तिची एकही गोळी चुकली नाही. तिला घड्याळ कळत होते, हे तिने तुला खरेच सांगितले होते. मग दुपारच्याच अकरा का राहिल्या? मी पलंगावर माझ्या जागी आडवा झालो आणि हात लांब करून कपाटाचे दार ओढले. ते किंचाळते. तेल घालतो घालतो म्हणून मी तीन वर्षे काढली. दोन वाजता मी त्या दारापासून हातभर अंतरावर झोपलेला असे. ज्या दुपारी मला गाढ झोप लागली असेल त्या दुपारी ती दारापर्यंत येऊन परत गेली असेल.

घंटा वाजली असती तर मी जागा झालो असतो आणि तिने कपाट उघडले असते, हेही खरे आहे. म्हणून यात तुझा वाटा नाही असे मी लिहीत नाही. लिहिले तरी तुला पटणार नाही. माझा त्याहून मोठा आहे, एवढे सांगतो. आणि थोडा तिचाही आहे. तिला मला हाक मारता आली असती.

काल डॉक्टरांकडे गेलो. त्या दिवशी मी हो म्हणालो ते चूक होते, अकरा गोळ्या राहिल्या होत्या, असे त्यांना सांगितले. ते बराच वेळ कागदपत्रे पाहत बसले. म्हणाले, त्याने झाले असेल किंवा नसेल, कोणालाच सांगता येणार नाही. मी म्हटले, अंदाजे सांगा. ते म्हणाले, अंदाजेही नाही. मी त्यांचे आभार मानून पायी घरी आलो. बसमध्ये लोकांसमोर बसवले नसते.

हे सगळे मला एकट्याला पेलत नाही आणि तुलाही तिथे पेलत नसणार. तू ये. समोर बसून जेवणे जमले नाही तर आपण पाठमोरे बसून जेवू, पण ये.

आई तुला नेहमी संध्याकाळी पोचणारी गाडी घ्यायला सांगत असे. कारण तिने तुला कधी सांगितले असेल की नाही कोण जाणे, मला आता कळते. या वेळी दुपारची घे. पोचलीस की दार जोरात वाजव. मी जागा असतो.

बाबा