चहात बुडवलेली रिळं

३ जानेवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. अक्षरं मुंगीएवढी काढलीस, म्हणून सुनेकडून वाचून घ्यावं लागलं. पुढच्या वेळी बशीएवढी काढ. भिंगानं का होईना, माझं मी वाचेन.

डोळ्यांचं विचारलंस. डॉक्टर म्हणजे काल मिसरूड फुटलेला पोरगा. मी आंधळी व्हायला लागलेय, तर हा बहिऱ्याशी बोलावं तसा ओरडतो. त्याचं म्हणणं, दुखणी दोन. मोतीबिंदू काढता येईल, पण आत पडद्याचा मधला भाग झिजलाय, तो काही परत यायचा नाही. मी म्हटलं, म्हणजे कापड धुऊन मिळेल, पण मधोमध कसर लागलीय तिथं रफू नाही. तर हसला. त्यात हसण्यासारखं काय होतं ते त्यालाच ठाऊक.

मुलगा नको म्हणतो. चेहरे दिसणारच नसतील तर या वयात चिरफाड कशाला, म्हणे. अरे, चेहरे मी पुष्कळ पाहिलेत, एकही जपून ठेवण्यासारखा नव्हता. मला रंग हवेत. दोऱ्यांच्या दुकानात बसते मी, देवळात नाही. मागे शिंप्याला काळा म्हणून गडद निळा दोरा दिला आणि नवरदेवाच्या कोटाची शोभा झाली. तेव्हापासून घरातले माझ्याकडे तडा गेलेल्या बरणीसारखे बघतात. दाराजवळ कोपऱ्यात वेगळी पेटी मांडून दिलीय, हवा लागते म्हणून. त्यातली सगळी रिळं मला चहात बुडवल्यासारखी दिसतात. खण पाठ आहेत म्हणून निभावतं. निळा मागितला की तिसरा खण. गिऱ्हाइकं मात्र एकेक नमुना. समोरचा घड्याळवाला दिवसाआड रीळ नेतो. घड्याळांना टाके घालतो की काय कोण जाणे.

ओळ घसरेल तशी तूही मान घसरव आणि वाच. लोभ आहेच, वेगळा मागत नाही.

आक्का

१४ जानेवारी

ती. आक्काच्या सेवेशी,
सा. न. वि. वि.

बशीएवढी अक्षरं काढतेय, चार ओळींत कागद भरतो. माझ्या मोतीबिंदूची पट्टी निघाली तेव्हा पहिलं काय दिसलं, तर ह्यांचं टक्कल. वाटलं, पट्टीच बरी होती. पण आता मी चष्म्याशिवाय पेपर वाचते, हे तुला चिडवायला लिहिलं.

तुझी गोष्ट वेगळी, आक्का. माझा पडदा धड आहे. परवा भाच्याचा फोन आला होता. म्हणाला, मावशी, तूच समजाव, ती पेटीपाशी छान रमलीय, दिवसभर गिऱ्हाइकं करते, खूश असते. उगाच आशा लावून घेईल आणि पदरी काही पडणार नाही. मलाही पटलं. मोठेपणी हट्ट शोभत नाही.

रागावशील ते रागाव, पण धाकटीवरची माया पातळ करू नकोस.

तुझीच धाकटी

२२ जानेवारी

चि. धाकटीस,
अ. आ.

रमायला मी काय पाळण्यातलं पोर आहे? मग खुळखुळाही बांधा.

ऑपरेशनची तारीख घेतली. सही मीच केली, कागदाच्या बाहेर गेली तरी केली. भीती वाटते का, विचारशील. वाटते. हे कडेकडेचं उरलंय तेही गेलं, तर दुकान गेलं, आणि मी खरोखरची बरणी होऊन फळीवर बसले. पण काही न करता तेच व्हायचंय, जरा सावकाश.

पेपर वाचतेस, वाच. त्यात वाचण्यासारखं काय असतं ते मलाही कळव.

आक्का

११ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पट्टी निघाली. डॉक्टरच्या तोंडाच्या जागी अजून डागच आहे, पण मान वळवून कडेनं पाहिलं तर कोट पांढराशुभ्र. नवा शिवलास का, मी विचारलं. घरी आले तर पडदे पोपटी. हे ध्यान कुणी निवडलं म्हटलं, तर सून म्हणाली, तुम्हीच.

दुसऱ्या दिवशी मुलगा नको नको म्हणत असताना दुकानात गेले. पेटी उघडली. पहिला खण तपकिरी. तिसरा तपकिरी. सगळे तपकिरी. वाटलं, डोळा परत गेला. मान वर केली तर आभाळ निळं, समोरची पाटी लाल. पेटीत बघावं तर पुन्हा चहा.

मग उजेड पडला. रिळं तपकिरीच होती. पोराच्या बापानं घाऊक घेतलेला, कुत्रंही न हुंगलेला तो माल तुला आठवत असेल. तो सगळा माझ्या पेटीत, आणि खरे रंग सुनेच्या फळीवर. घड्याळवाला निळा मागायचा, तपकिरी न्यायचा आणि संध्याकाळी मागच्या दारानं परत आणून द्यायचा. सुनेनं रडत रडत कबूल केलं. मुलगा म्हणतो, तुला वाईट वाटू नये म्हणून केलं. मी म्हटलं, तुझ्या बापानं मला जन्मात फसवलं नाही, तेवढी अक्कलच नव्हती; तू कुणावर गेलास?

खुर्ची उचलून सुनेच्या फळीपाशी आणली. काल तोच शिंपी आला, आवाजावरून ओळखला. कापड पुढं टाकून म्हणाला, आजी, काळा द्या. मी कापड दारात उजेडाला नेलं, कोंबडी दाणा बघते तशी मान तिरकी करून पाहिलं. म्हटलं, कापड गडद निळं आहे बाबा, तूही एकदा डोळे दाखवून घे. तो म्हणाला, परीक्षा घेत होतो. मी त्याला निळं रीळ दिलं आणि पुन्हा परीक्षेला यायचं तर दोन रिळं घ्यावी लागतील, असं बजावलं.

सोबत डबाभर निळी रिळं पाठवतेय. उघडलीस की तपकिरी दिसतील. घाबरू नकोस, डोळे तुझे धडच आहेत. बस त्यांच्यापाशी आणि जरा रम.

लोभ तेवढा खरा पाठवलाय.

आक्का